बिनमिठाचा शोरबा

दुकानात गुळाची नवी ढेप आली की गुराक्का ती गाडीवानासमोरच फोडत, वास घेत आणि विचारत, "एवढा पिवळा कावून हाय?" सिरसाळ्यात त्या आमच्या शेजारी. नवऱ्यामागे किराणा दुकान त्याच चालवत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ दिला, तर लाडू हातात फिरवत म्हणाल्या, "इतकं ग्वाड कावून बोलतीस, पोरी? तुला काय पायजे?" मला काहीच नको होतं. पण त्यांना ते पटायला पुढची संक्रांत उजाडली.

त्यांचा एकुलता एक महादेव तापातून उठला तो हाडांचा सापळा होऊन. घसा इतका सोललेला, की ज्वारीची कण्हेरीही उतरेना. परळीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर उर्दू बोलणारे. ते म्हणाले, "आलू का शोरबा दो, मलाई डाल के." गुराक्का ताडकन उठल्या. "शोरबा म्हंजे मटनाचा. आमच्या गळ्यात लिंग हाय, मटनाला शिवत न्हाई आमी." बटाटे उकडून दुधात घोटायचे, चवीपुरतं मीठ घालायचं, एवढंच आहे, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. तरी गुराक्का मुलाला गाडीत घालून घरी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी महादेवाला पाणीही गिळवेना, तेव्हा त्या आमच्या दारात आल्या. आमच्या म्हशीचं दूध त्यांनी डोळ्यांदेखत काढायला लावलं. माझ्या नवऱ्यानं बाजारातून आणलेला एकेक बटाटा त्यांनी स्वतः चिरून आत बघितला. आम्ही ते उकडले, घोटले, फडक्यातून गाळले, कोमट दूध आणि साय घालून रवीनं घुसळले. पांढरंशुभ्र, दाट झालं. मी मिठाला हात घातला आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"दुधात मीठ? पोराच्या अंगावर कोड उठंल. डाक्टराचं काय जातंय?"

आता नुसतं अळणी द्यायचं ठरलं. तरी शंका संपली नव्हती. मी आधी चाखून दाखवावं, असं त्यांना वाटे. पण चाखलं की ते उष्टं. भांड्याकडे आणि माझ्याकडे बघत त्या बराच वेळ अडून बसल्या. शेवटी वेगळ्या वाटीत काढून मला सगळं प्यायला लावलं आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या. मला रागही आला आणि हसूही.

महादेवानं वाटी संपवली. त्यानं चूळ भरल्यावर गुराक्कांनी त्याच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ पोटात जावं, पण दुधाशी त्याची गाठ पडायला नको. मग भिंतीकडे तोंड करून रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मिठाबिगर ग्वाड लागलं कावून त्याला?"

त्यानंतर त्यांच्या घरी कुणीही आजारी पडलं की तो शोरबा असाच व्हायचा. नाव मात्र त्या घेत नसत. "ते डाक्टराचं" म्हणत. आणि दर वेळी पहिली वाटी माझी.

पुढं महादेव दुकान चालवू लागला आणि गुराक्का अंथरुणाला खिळल्या. सुनेच्या हातचं त्या तोंडात घेईनात, म्हणून महादेव मला बोलवायला आला. मी शोरबा केला, मिठाचा खडा पदराला बांधला आणि सवयीनं वेगळी वाटीही नेली. ती भरून तोंडाला लावणार, तोच त्यांनी हात हलवला.

"ऱ्हाऊ दे. तूच केलंस ना?"

मी हो म्हटलं. वास न घेता, वाटीत न डोकावता त्यांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण एकेक चमचा भरवताना मी मनातल्या मनात म्हणत राहिले, अक्का, एकदा तरी विचारा, कावून.