वाघरीची लोखंडी मेख

पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन शिरूर कासारजवळच्या गावी परतलो, तेव्हा वाटलं, आता त्या लोखंडाशी आपला संबंध संपला.

गेल्या साली ज्वारी निघाल्यावर खतासाठी रानात मेंढरं बसवली. कळप साठीतल्या एका धनगरीण बाईंचा. मी त्यांना आक्का म्हणायचो. एका सकाळी गेलो तर त्या मेंढरांभोवतीची जाळी, म्हणजे वाघर, ताणून बांधत होत्या. कोपऱ्यातल्या मेखेवर धोंड्याचे घाव चालले होते. बाकीच्या मेखा बाभळीच्या, ही एकच लोखंडी. आवाज भरीव लोखंडाचा वाटेना, म्हणून मी वाकून पाहिलं.

मेखेला आठ पैलू होते. वरचं टोक जाड, त्याच्या बाजूला ज्वारीचा दाणा जेमतेम जाईल एवढं छिद्र आणि छिद्राशी वाटीसारखा खळगा. ती तोड्याच्या बंदुकीची नळी होती. तोडा म्हणजे जळती दोरी. खळग्यातल्या दारूला ती लावली की बार उडायचा.

मी आक्कांना थांबवलं आणि नळी उपटून घेतली. त्यांच्या सासऱ्यांना ती गोदावरीच्या ढासळलेल्या काठात सापडली होती. तेव्हापासून वाघरीला तीच.

तोंडाशी अडकलेली माती काढून मी तरवडाची लांब काडी आत सारली. ती आत टेकल्यावर नळीच्या तोंडाशी चिमटीत धरली आणि बाहेर काढून नळीला लावून पाहिली. नळी रिकामी असती, तर काडी छिद्रापर्यंत पोचली असती. ती चार बोटं अलीकडेच थांबली होती. दोनदा मोजलं, तरी तेच.

“आक्का, ही भरलेली दिसतेय.”

त्या हातातल्या धोंड्याकडे बघत राहिल्या. “लगीन होऊन आले तवापासून हिच्यावर हाणतेय मी,” त्या म्हणाल्या, आणि धोंडा सावकाश खाली ठेवला.

जुन्या दारूचा भरवसा नसतो. मी नळीत पाणी ओतलं आणि ठाण्याला फोन केला. हवालदार आले, त्यांनी पंचनामा केला. माझी नोकरी कसली होती ते कळल्यावर म्हणाले, तुम्हीच रिकामी करा, मी समोर थांबतो. तीन दिवस नळी पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवली. चौथ्या दिवशी हवालदारांसमोर लोखंडी सळईला मळसूत्री टोक बसवून आतलं ओढायला लागलो. मी आक्कांना लांब बसायला सांगितलं होतं. त्या थोड्या थोड्या सरकत जवळ आल्या.

आधी चिखल निघाला. मग एक काळपट बोळा, त्यामागे बोराएवढी शिशाची गोळी, आणि शेवटी काळं गाळासारखं पाणी. ती दारू. गोळीवर साच्याची रेघ स्पष्ट होती. एवढं मला ओळखता आलं. बोळा मात्र मी चिंधी समजून बाजूला टाकला होता.

आक्कांनी तो उचलला, धुतला, बोटांनी उकलला. “ही चिंधी न्हाई भाऊ. लोकर हाय. काळ्या मेंढीची,” त्या म्हणाल्या. मग एक धागा ओढून चिमटीत फिरवला. “सूत काढल्यालं हाय. घोंगडीचा कोपरा फाडलाय कुणीतरी.”

मी इतकी वर्षं बंदुका हाताळल्या, जप्तीतल्या ठासणीच्याही, पण बोळा कशाचा हे कधी निरखून पाहिलं नव्हतं. ती भरणारा माणूस लढाईतला होता की रान राखणारा, ते आम्हाला ठरवता आलं नाही. त्याच्या अंगावर घोंगडी होती आणि ठासायला दुसरं काही हाताशी नव्हतं, एवढं आक्का ठामपणे सांगत होत्या.

“भरली, मग उडवली कावून न्हाई?” त्यांनी विचारलं. मी गोळी पुसून हवालदारांकडे दिली.

नळी, गोळी आणि लोकर सरकारजमा झाली. त्या दिवशीच्या पंचनाम्यात हवालदारांनी ‘चिंधी’ लिहिलं होतं. आक्कांनी ते खोडून ‘घोंगडीचा तुकडा’ लिहायला लावलं. मी लोहाराकडून नवी मेख करून आणली. आक्कांनी ती आधी डोळ्याजवळ धरून आरपार पोकळ तर नाही ना, ते पाहिलं आणि मगच धोंडा उचलला.