पुरावासाहेबांचा रक्तदाब

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागच्या खोलीत आजारांना कोड लावायचं काम चालतं. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलेलं वाचायचं, जाडजूड पुस्तकात त्या आजाराचा कोड शोधायचा आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचा. बस्स, एवढंच. पण एवढ्याशा कामावर एक माणूस चोवीस वर्षं छाती फुगवून बसला होता. त्याला सगळे पुरावासाहेब म्हणायचे. साहेब वगैरे तो नव्हताच, पाच जणांतला सर्वांत जुना कारकून, इतकंच. पण कुणी काहीही म्हणालं की हा म्हणणार, "पुरावा कुठंय?" त्याचं लग्न ठरलं तेव्हाही त्याने हेच विचारलं असेल.

त्याचा नियम एकच. डॉक्टरांनी 'उच्च रक्तदाब' असं निदान शब्दांत लिहिलं, तरच रक्तदाबाचा कोड. नुसता आकडा लिहिला, मग तो दोनशे का असेना, तर कोड वेगळा: 'आकडा वाढलेला, निदान नाही'. नियम पुस्तकातलाच होता, खोटा नव्हता. पण नियम डोक्यात शिरला तेव्हा तिथली अक्कल जागा करून देण्यासाठी बाहेर पडली असावी.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काम त्यानेच शिकवलं आणि शिकवताना त्यांचा पाणउतारा करायची एकही संधी सोडली नाही. बाई चाळिशी उलटल्यावर नोकरीला लागलेल्या, गरजू, गप्प बसणाऱ्या.

"बाई, प्रेशर लिहिलंय, किडनीचा जुना आजार लिहिलाय. मग डॉक्टरांची वाट कसली बघताय? दोघांचं नातं पुस्तकच गृहीत धरतं. दोन्हींचा मिळून एकच कोड, आय बारा, तो लावा. आणि कोडचा शेवटचा आकडा बघा जरा डोळे उघडून. नऊ म्हणजे किडनी अजून तग धरून आहे. शून्य म्हणजे कारभार आटोपला. शून्य म्हणजे काहीच नाही असं समजणार असाल, तर उद्यापासून घरी बसा."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. अकरा वर्षं झाली, वही अजून त्यांच्या खणात आहे.

इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांची दर वर्षी तपासणी व्हायची. पुरावासाहेबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला की काटा पळत सुटायचा. आकडा चढला त्या पहिल्या वर्षी एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी पेन उचललं, तोच हा म्हणाला, "निदान लिहू नका हं डॉक्टर. मी आत्ता जिना चढून आलोय. एका आकड्यावर निदान होत नाही."

तपासणीचे डॉक्टर दर वर्षी बदलायचे, शिवाय बाहेर चाळीस जण ताटकळलेले. त्यांनी लिहिलं, 'रक्तदाब वाढलेला आढळला. पुन्हा तपासावे.' पुन्हा तपासायला गेला तर तो पुरावासाहेब कसला! वर येऊन त्याने स्वतःच्या फाइलला स्वतःच कोड लावला: आकडा वाढलेला, निदान नाही. दुसऱ्या वर्षी जिना, तिसऱ्या वर्षी कॉफी, चौथ्या वर्षी बायकोशी भांडण. अशी सहा वर्षं काढली. इतरांच्या फाइलींतून रोज किडन्या जाताना बघणारा हा माणूस घरी कागद दाखवून बायकोला म्हणायचा, "दाखव, आजार कुठे लिहिलाय?" कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण हा पठ्ठ्या सहा वर्षं टोपली दाबून बसला.

"अहो, पाय सुजलेत तुमचे," बायको म्हणायची.

"सूज हे लक्षण आहे. आजार नाही."

"मग आजार कोणता ते तरी बघून या."

"तुला या कामातलं काय कळतं?"

या घरात जे कागदावर नाही ते नव्हतंच, आणि तिचं म्हणणं कागदावर कधीच नव्हतं.

एका मंगळवारी जेवणानंतर तो खुर्चीतच धापा टाकायला लागला. बाईंनीच व्हीलचेअर आणली. दुसऱ्या मजल्यावर त्याला चार दिवस ठेवलं. डॉक्टर बायकोशी बाहेर पॅसेजमध्ये बराच वेळ बोलले. "मी सांगते त्यांना," ती म्हणाली, आणि तीन दिवस तिला ते जमलं नाही. नवऱ्याच्या एका प्रश्नाला ती आयुष्यभर घाबरत आली होती. किडनीला थोडी सूज असेल, औषधाने जाईल, असं त्याने स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं.

घरी सोडायच्या दिवशी त्याने वर निरोप धाडला: माझी फाइल मी बघितल्याशिवाय पुढे जाता कामा नये. मरणाच्या दारातही याला दुसऱ्याच्या चुका काढायच्या होत्या! बाई कागद घेऊन खाली आल्या. त्याने चष्मा चढवला.

"आय बारा? प्रेशरमुळे किडनीला झालं, असं डॉक्टरांनी लिहिलंय कुठे?"

"लिहावं लागत नाही. पुस्तकच गृहीत धरतं." बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत."

त्याने कोडचा शेवटचा आकडा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"इथे नऊ पाहिजे."

अकरा वर्षांत कधीतरी याची जिरावी असं बाईंना कितीदा वाटलं होतं. आता त्यांना त्याच्याकडे बघवेना.

"चुकलंय, बाई. शून्य लावलंत तुम्ही. शून्याला पुरावा कुठंय?"

"माझ्याकडे आहे," बायको म्हणाली.

तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि त्याच्या मांडीवर उलगडून ठेवला. त्यावर डायलिसिसचे वार लिहिलेले होते: सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. किती आठवडे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.