डोहाळजेवणाची होडी

वेसाव्याहून तरीनं खाडी ओलांडून मढला उतरलो तेव्हाच माझं डोकं तापलं होतं. माझ्या बायकोचं, मालतीचं, त्याच संध्याकाळी अंधेरीला डोहाळजेवण. ते होडीत करायचं असं ती भावाला म्हणाली, आणि वसंता मला ओढत होडी आणायला निघाला! मला पोहता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काय भावोजी, ताईची एवढी हौस पुरवायला नको?"

एरंगळच्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं छोटी होडी दिली. "होरी (होडी) न्या, पन टोकाशी जवल जाव नका," त्यानं बजावलं.

किनारा सुरेख होता, हे रागातही कबूल करतो. ताडांची रांग, काळा कातळ, वर किल्ल्याची भिंत. पण मढच्या टोकाला वळसा घालताना वसंतानं नेमकी कातळाजवळची वाट धरली.

"बाहेरून घे, गाढवा!"

"लवकर पोचू ना, भावोजी!"

लाटेनं होडी उचलली आणि कातळावर घासली. माझं वल्हं गेलं. पाणी भसाभस आत आलं. मी दोन्ही हातांनी कातळाला रेटा दिला, तळवे सोलून निघाले. आपल्या मुलाचं तोंड दिसणार नाही, एवढंच मनात होतं. कसेबसे सुटलो, तर हा हसतोय! त्याला तिथंच बुडवावंसं वाटलं.

वेसाव्याच्या खाडीत दारूबंदीचा शिपाई आडवा आला.

"माल कुठं उतरवला?"

"कसला माल? डोहाळजेवणाला होडी नेतोय."

"मला येडा समजतो काय?" त्यानं होडीच्या तळाशी हात घालून वाससुद्धा घेतला; मासळीचाच आला तेव्हा सोडलं.

शेवटी बैलगाडीवर होडी चढवून घर गाठलं. आत गाणी चालली होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने घालून मालती होडीत बसली होती. पुठ्ठ्याच्या, चांदीचा कागद लावलेल्या होडीत!

"डोहाळजेवणाची होडी पुठ्ठ्याचीच असते रे, मेल्या!" सासूबाई वसंतावर कडाडल्या. बायका खो खो हसल्या.

"पण खरी आणली की नाही? टोकाशी बुडता बुडता वाचलो!" वसंता ऐटीत म्हणाला.

हसू थांबलं. मालतीपुढे दोन झाकलेल्या वाट्या होत्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिनं त्या बाजूला सारल्या, उठली आणि माझे सोललेले हात पाहिले. एवढं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दिवसभर जपलेला माझा राग तिच्यापुढे टिकेना.

"पेढा निघो नाहीतर बर्फी," ती म्हणाली, "पोराला बाप लागतो. कळतं का तुम्हाला?"