मागचा तणावा

आमच्या धरणावर शिडाची एकच नौका आहे आणि ती माझी. प्लायवूडची, जेमतेम दोन माणसांची. सावंगीच्या ऑफिसात तिला यॉट म्हणून चिडवतात, चिडवू देत. शिडात वारा भरला की मला फायली आठवत नाहीत, स्वतःचं वयही आठवत नाही.

डोलकाठीच्या शेंड्यापासून नौकेच्या मागच्या टोकापर्यंत येतो तो मागचा तणावा. तो डोलकाठीला पुढे कोसळू देत नाही. पहिला तणावा माझ्या मोठ्या भावाने बांधला होता. दादा आंजीला भाजीपाला करतो. कारल्याच्या मांडवाचीच तार त्याने आणली आणि पकडीने पीळ दिला. गेल्या हिवाळ्यात ती पिळापाशी तुटली, डोलकाठी पुढे कोसळली आणि पुढच्या बाजूला बसलेल्या माझा खांदा घासून पाण्यात पडली. खरचटण्यावर निभावलं. दादा काठावरून बघत होता. तेव्हापासून तो धरणावर आला नाही. विषय काढला की वांग्यांवरच्या किडीबद्दल बोलायचा. नौकेपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

यंदा तणावा मी स्वतःच बदलायला घेतला. स्टीलचा पीळदार दोर, आणि खाली ताण कमी-जास्त करायचा पेच. सकाळ होती, पाण्यावर धुकं रेंगाळत होतं, आणि पेच फिरवता फिरवता माझी तंद्री लागली. आमच्या घरात मांडवाची तार ताणली की बोटाने छेडून बघतात. गुणगुणली की पक्की. मीही ही नवी तार छेडली. गप्प. आणखी फिरवलं, आणखी. शेवटी गुणगुणली, तेव्हा डोलकाठी मागे वाकली होती आणि तिच्या बुडाशी प्लाय कुरकुरत होतं.

मी दादाला फोन केला. मला काही सुचत नाही, एवढंच म्हणालो, आणि ते खरंच होतं. तासाभरात तो गाडीवर आला. नौकेभोवती फिरला, तार छेडली, वर बघत बराच वेळ उभा राहिला. आता हा परत जातो, असंच मला वाटलं.

“मांडवाले जागेवर उभं राहा लागते,” तो म्हणाला. “हिले चालाचं हाये. काऊन येवढं ताणून राह्यला?” मग खाली बघत म्हणाला, “म्याबी तेच केलतं.”

डोलकाठी सरळ होईपर्यंत त्याने पेच सैल केला. मी नौका पाण्यात ढकलली आणि त्याला आत बस म्हटलं. पोहता येत नाही, हे त्याने मला नव्याने सांगितलं. तरी चपला काठावर काढून ठेवल्या आणि माझ्या शेजारी मागच्या फळीवर बसला, मुठीत तणावा घट्ट धरून.

धुकं विरलं होतं. काठावरची झाडं हळूहळू लहान होत गेली. मधल्या पाण्यात वारा आला, नौका कलली, मी घाबरून शेजारी पाहिलं. दादाने तार सोडून दिली होती. डोळे मिटून, बोटं पाण्यात बुडवून तो बसला होता. मी सुकाणू मधल्या पाण्याकडेच धरून ठेवलं.