मधले सैल टाके

शेजारची नेहा माझ्याकडे क्रोशे शिकायला येते. काल तिला सुरुवातीची साखळी घालून दाखवत होते. दोरा बोटावरून सारख्या ताणानं सोडायचा, म्हणजे टाके एकसारखे पडतात. इतकी वर्षं माझे तसेच पडत आले आहेत. तिनं साखळी हातात घेतली आणि म्हणाली, "काकू, हे मधले टाके सैल झालेत."

"चष्मा नाही ना घातला," मी म्हणाले. पण साखळी मी कधी डोळ्यांनी घालतच नाही.

ती गेल्यावर उसवून पुन्हा घातली. पुन्हा तसंच. अंगठा थरथरत होता, अगदी थोडासा. वडिलांचा कंपवातही अंगठ्यापासूनच सुरू झाला होता. पुढे आई त्यांना भरवायची. आरशात आपण सुरकुत्या शोधतो; हात मात्र आपलेच राहणार, असं धरून चालतो.

घाबरून धाकट्या बहिणीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ताई, दोन महिने झाले, मी चारचौघांत चहा घेत नाही. कप बशीवर वाजतो गं."