प्रसादाच्या रांगेत ठरलेली शाळा

आमची लेक घरी सोफ्यावर उभी राहून भाषणं ठोकायची आणि शाळेत पार मुकी. डब्लिनमधल्या त्या अवाढव्य सरकारी शाळेत सप्टेंबरपासून तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. जानेवारीत ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "चर्चची शाळा बघ ना. लहानशी आहे."

पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे आता नातीला बाटवणार का?"

"नाही हो आई, नुसती बोलती करणार."

आम्ही शाळा बघायला गेलो, तेव्हा सगळी मुलं प्रार्थनेसाठी चर्चमध्ये बसली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हालाही मागच्या बाकावर बसवलं. बाहेर बर्फ भुरभुरून नुकताच थांबला होता. आत रंगीत काचांमधून निळं, डाळिंबी ऊन उतरून मुलांच्या डोक्यांवरून हळूहळू सरकत होतं. मेणबत्त्यांचा वास, ऑर्गनचे लांबलेले सूर. आपण सगळे पाण्याखाली आहोत आणि इथे कुणालाच बोलायची गरज नाही, असं मला वाटायला लागलं. लेकही माझ्या कोटात नाक खुपसून मासोळीसारखी गप्प.

मग मोठी मुलं आणि शिक्षक उठून रांगेनं पुढे निघाले. पांढऱ्या झग्यातले फादर एकेकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. देवाच्या दारी रांग आणि रांगेच्या टोकाला हातावर काहीतरी! हे मला कुणी शिकवायला हवं? लेकीला घेऊन मी उठले.

"अगं, कुठे निघालीस? बस खाली!" नवरा कुजबुजला.

"प्रसादाला नाही म्हणू नये."

तरंगतच पुढे पोचले. डाव्या हातावर उजवा हात ठेवून तळवा पुढे केला. फादरनी माझी टिकली पाहिली, हात थांबवला आणि हळूच विचारलं, "आर यू कॅथलिक?" हा प्रसाद फक्त कॅथलिकांनाच देतात, हे मला कुठे माहीत!

गणेशोत्सवाच्या नाटकात मला कधी प्रॉम्प्टर लागला नाही. पण तिथे माझी वाचाच बसली. आणि माझ्या कमरेजवळून खणखणीत आवाज आला,

"नो! वी आर व्हेजिटेरियन!"

मग पहिल्या बाकावरून हसू फुटलं आणि त्या निळ्या-डाळिंबी उन्हातून लाटेसारखं मागे मागे पसरत गेलं. फादरही हसले. "दॅट्स ऑलराइट टू," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना एका दात पडलेल्या मुलीनं तिला अडवलं. "कॅन यू ईट पिझ्झा?"

मी श्वास धरून उभी.

"ओन्ली चीज," आमची लेक म्हणाली. ती मुलगी बाकावर सरकली आणि लेक माझा हात सोडून तिच्याशेजारी जाऊन बसली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

शाळा ठरली.

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत नवऱ्यानं विचारलं, "आईला काय सांगू?"

"बोलली, एवढंच सांग," मी म्हणाले. "काय बोलली, ते आणि मी कुठे उभी होते, ते नको."