अर्ध्यावर न सोडलेला पडदा

पडदा उघडतो, तेव्हा समोर पडदाच आहे. डाळिंबी मखमलीचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला, टेबलावरून, स्टुलावरून, दोन शिलाई मशिनींवरून ओघळलेला. त्याच्या चुण्यांतून वाट काढत, गळ्यात मापाची टेप अडकवलेले एक किडकिडीत गृहस्थ पुढे येतात. हे मास्तर. नाटकगृहांचे पडदे शिवण्यात यांचा जन्म गेला. दुसऱ्या मशिनीवर बसल्या आहेत मास्तरीणबाई, त्यांची पत्नी. मास्तरांच्या मते हाताखालची कारागीर, स्वतःच्या मते बिनपगारी मालकीण.

मास्तरांचा धंदा आजवर नुसत्या शब्दावर चालला. या नाटकगृहाने मात्र रीतसर करार केला. मास्तरांना तो सत्कारच वाटला. न वाचता सही ठोकली आणि दुकानाचा गाळा तारण ठेवून मखमल उचलली.

पडदा निम्मा झाला आणि व्यवस्थापकाचा फोन आला. मालक बदलले होते. नव्यांना विजेवर चालणारा तयार पडदा हवा होता. मास्तरांनी फोन ठेवला, पाणी प्यायले आणि पुन्हा मशिनीवर बसले. आता कोणासाठी शिवताय, असं मास्तरीणबाईंनी विचारलं. मास्तर म्हणाले, एकदा डोळ्यांनी पाहिला की त्यांचं मन फिरेल. खरी गोष्ट वेगळी होती. निम्मा पडदा टाकून उठणं त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. नवा पडदा लागला की पहिल्या प्रयोगाला ते विंगेत उभे राहायचे. तिसरी घंटा व्हायची, मखमल सळसळत बाजूला व्हायची, आणि टाळ्या नटांना पडायच्या. मास्तर त्यातल्या दोन-चार गुपचूप आपल्या खिशात टाकायचे.

पडदा पूर्ण झाला. मास्तरांनी नवा शर्ट घालून त्याच्याशेजारी फोटो काढून घेतला आणि व्यवस्थापकाला पाठवला. खाली लिहिलं, आज पुरा झाला, कधी आणू? उत्तर आलं नाही. मग दोघं वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाई भल्या होत्या. करार त्यांनी मोडला, यात शंका नाही, म्हणाल्या. पण फोन आला त्याच दिवशी हात थांबवायला हवे होते. लेखी कळवायचं, भरपाई मागायची, आणि न कापलेल्या मखमलीला दुसरं गिऱ्हाईक बघायचं. तोवरच्या कामाचं आपण भांडून मिळवू. त्यानंतरचं तुम्ही आपल्या हौसेनं शिवलंत, असंच ते म्हणतील.

फोनच्या आधीच पुरा झाला होता असं सांगितलं तर, मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं. वकीलबाईंनी तो फोटो, खालच्या 'आज पुरा झाला'सकट, पुढे केला. मास्तर त्यात नवरदेवासारखे हसत होते.

निकालाला वर्षं लागणार होती. गाळा तितका थांबणार नव्हता. मास्तरांनी सगळ्या नाटकगृहांना विचारून पाहिलं. हळहळले सगळेच, पण एवढा रुंद आणि इतका बुटका रंगमंच दुसऱ्या कोणाचाच नव्हता. शेवटी एक लॉजवाला तयार झाला. खिडक्यांच्या मापाने तुकडे करून द्या, म्हणाला. वकीलबाईंनीही तेच सांगितलं, की जेवढं नुकसान वाचवता येईल तेवढं वाचवा.

मास्तरीणबाईंनी खडूने रेघ मारली आणि कात्री नवऱ्याच्या हाती दिली. मास्तरांनी पाती उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

"जन्मभर कापतच आलात ना?" त्या म्हणाल्या. "मग आजच काय हाताला लकवा मारला?"

मास्तरांनी पाती परत मिटली. मास्तरीणबाईंचा आवाज खाली आला.

"अहो, गाळा जाईल."

मास्तरांनी मान हलवली. कात्री बायकोच्या हातात परत दिली, पडद्याच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन गुडघे टेकले आणि मखमलीची कड दोन्ही मुठींत धरली.

"तू काप," ते म्हणाले. "मी ताणून धरतो. वाकडं जायला नको."